मंगळवारचा भोपळा

सकाळचे सात वाजून चार मिनिटं झाली होती आणि ब्युर्गिनबाई माझा भोपळा पोटाशी धरून आमच्या दारात उभ्या होत्या.

भोपळ्याचं पाणी त्यांच्या ॲप्रनवरून ओघळून पायपुसण्यावर टपटपत होतं. भोपळा काय साधा नव्हता. तंबोऱ्याचा. मोठ्या घागरीएवढा. बाईंचं डोकं त्याच्यामागनं जेमतेम दिसत होतं.

"हेर सातपुते, आज वार कोणता?" हेर म्हणजे त्यांच्या जर्मनमधलं श्रीयुत.

"मंगळवार."

"मंगळवारी धुणं कोणाचं?"

"तुमचं."

"मग माझ्या हौदात हे काय पोहतंय?"

मला माझ्या मोडक्या जर्मनमध्ये एकच उत्तर सुचलं. म्हटलं, "अजून चार तास पोहायला पाहिजे."

तर हे सगळं बासेलचं आहे. स्वित्झर्लंडमधलं विद्यापीठाचं गाव, साडेपाचशे वर्षं जुनं विद्यापीठ, आणि मधनं ऱ्हाईन नदी. तिथं आमची बिल्डिंग. बिल्डिंगच्या तळघरात धुण्याची एकच खोली, एक मशीन, एक सिमेंटचा हौद. दारावर तक्ता. प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्यातला एक वार. आमचा गुरुवार. तिथं माणूस एक वेळ दुसऱ्याच्या बायकोकडं बघेल, पण दुसऱ्याच्या वारी हौदाला हात लावणार नाही. आणि मी आदल्या संध्याकाळी त्यात भोपळा दगड ठेवून बुडवला होता.

ब्युर्गिनबाई एकाहत्तर वर्षांच्या. तीस वर्षं बासेलमध्ये ट्राम चालवलेली बाई. अजूनही बोलायच्या ते ट्रामची घंटा वाजवल्यासारखं.

"खाण्याचा आहे का हा?"

"नाही. वाद्याचा."

"वाद्य आंघोळ करतं?"

"कापायच्या आधी भिजवावा लागतो. नाहीतर तडकतो."

"तडकू दे," बाई म्हणाल्या, भोपळा माझ्या हातात दिला आणि खाली निघून गेल्या. जिन्यातनं आवाज आला, "गुरुवारी भिजवा!"

गुरुवारपर्यंत थांबायला मला वेळच नव्हता. त्याच दिवशी दुपारी चारला माझी परीक्षा होती आणि तिथं हा भोपळा कापून दाखवायचा होता.

ऋजुता मागं उभी राहून हसत होती. ती तेव्हा बासेलला पीएचडी करत होती, बायोकेमिस्ट्रीत. मी तिचा नवरा. कागदोपत्री माझा हुद्दा तेवढाच. वर्षभर मी तिथं नुसता नवरा म्हणून होतो. काम करायची परवानगी होती, पण जिथं जाईन तिथं पहिला प्रश्न एकच, सर्टिफिकेट कुठाय? बारावी नापास माणसाकडं कसलं सर्टिफिकेट? शेवटी मी सप्टेंबरचं तिकीट काढलं होतं. परत मिरजेला. एकट्यानं. ऋजूनं ते तिकीट बघितलं आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

आणि मग जुलैत तिनं विद्यापीठाच्या नोटीस बोर्डावर ती चिठ्ठी बघितली. विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीत वाद्यांचा छोटा संग्रह होता. त्यात एक तंबोरा. शंभर वर्षांपूर्वी कोणी प्रोफेसरानं हिंदुस्तानातनं आणलेला, भोपळा फुटलेला. दुरुस्त करणारा कारागीर पाहिजे. काम पसंत पडलं तर आठवड्यातले दोन दिवस कायमची नोकरी.

तंबोरा! फोटो बघूनच मी ओरडलो. त्याच्यावर कोरलेली पानं, त्याचा घाट. मिरजेचा होता तो. आमच्या गावचा.

"बोल परत," ऋजू बूट घालता घालता म्हणाली.

मी भोपळा कडेवर घेऊन उभा राहिलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "आय विल रिमूव्ह द ओल्ड गोर्ड अँड फिट अ न्यू वन."

म्हणजे, जुना भोपळा काढणार, नवा बसवणार. हे वाक्य मी आठ दिवस घोकत होतो. आंघोळीत, भाजी चिरताना, झोपेत.

"झकास. आत गेल्या गेल्या हेच म्हणायचं. आणि ते पॅकिंगचं काही बोलू नको."

"नाही बोलत."

"गिरी, खरंच नको बोलू. कारागीर आहेस म्हण. बास."

ते पॅकिंगचं असं. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत हमीदचाचांचं दुकान. मी तिथं आठ वर्षं होतो, पण कारागीर म्हणून नाही. वाद्यं पॅक करायला. पेंढा, गोणपाट, खोकं, खिळे. वाद्यं दिल्ली, कोलकाता, कुठं कुठं जायची आणि त्यातली काही फुटून परत यायची. शिव्या मला. म्हणून ती फुटकी वाद्यं मी गुपचूप जोडायला लागलो. कोणी शिकवलं नाही. बघून बघून. सरस कढवायचा, आतनं कापडाच्या पट्ट्या मारायच्या, वरनं सायकलच्या ट्यूबनं आवळून ठेवायचं. पुढं पुढं गल्लीतली फुटकी वाद्यं माझ्याकडंच यायला लागली. पण मान काय? गल्लीत मला म्हणायचे चिकट्या. "ए चिकट्या, हे जरा चिकटव." नवा भोपळा कापणारा तो कारागीर. मी चिकट्या.

लपूनछपून नवा भोपळा बसवायलाही शिकलो होतो मी. दोन-तीन बसवलेही होते. पण हमीदचाचांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात कोरा भोपळा कधी दिला नव्हता. बासेलला निघालो त्या दिवशी दिला. मंगळवेढ्याकडचा, जाड सालीचा, दोन वर्षं वाळवलेला. म्हणाले, "गिऱ्या, हा घेऊन जा. लागेल." विमानात तो मी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या माणसानं बारा तास त्याच्याकडं संशयानं बघितलं.

आता तोच भोपळा भिजत घालायला मला चार तास आणि एक पाण्याची जागा पाहिजे होती. घरात नुसता शॉवर. बादली? त्यात त्याचं बूड पण गेलं नसतं.

मग माझं डोकं चाललं. चाललं म्हणजे मिरजेच्या वळणानं चाललं. गावाकडं काही भिजवायचं असलं की आम्ही काय करतो? नदीवर नेतो!

ऱ्हाईन आमच्या घरापासनं दोनशे पावलांवर. काठाला दगडी पायऱ्या, अगदी कृष्णाघाटासारख्या, आणि पायऱ्यांना लोखंडी कड्या. कांद्याच्या जाळीत भोपळा घातला, खाली दगड घातला, जाळीचं तोंड ऋजूच्या परकराच्या नाडीनं कडीला बांधलं आणि भोपळा बुडवला. गार. बघणारं कोणी नाही. वार कोणाचा विचारणारं कोणी नाही.

मी वरच्या पायरीवर बसलो. ऑगस्ट महिना, ऊन असं की दगड तापलेले. अकराच्या सुमाराला नदीत माणसं दिसायला लागली. हे एक त्या गावाचं वेड आहे. उन्हाळ्यात तिथली माणसं नदीतनं घरी जातात. खरंच! ऑफिसातनं निघायचं, माशाच्या आकाराची एक प्लास्टिकची पिशवी असते तिच्यात कपडे, चपला, मोबाईल, सगळं भरायचं, तोंड सात वेळा गुंडाळायचं आणि पिशवी मिठीत घेऊन पाण्यात शिरायचं. नदी नेते. आपलं घर आलं की बाहेर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ऋजूला म्हटलं होतं, "हे तर आमच्यासारखंच की!" आम्ही कृष्णेत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलो. ह्यांचा भोपळा माशासारखा, एवढाच फरक.

बसून मी वाक्य घोकत होतो. आय विल रिमूव्ह द ओल्ड गोर्ड.

तेवढ्यात खालनं एक मालवाहू बोट आली. लांबच्या लांब, कंटेनर भरलेली. मला ती बघायला आवडायची. बघत बसलो. बोट गेली. आणि तिची लाट आली.

लाट पायऱ्यांवर धडकली, माझ्या चपला भिजल्या. मागं ओढली गेली तेव्हा कडीला नुसती नाडी होती. रिकामी. हलत होती.

आणि दहा हात लांब माझा भोपळा, जाळी दगडासकट खाली गेलेली, मस्तपैकी डोकं वर काढून फ्रान्सच्या दिशेनं निघाला होता.

"ए!" मी ओरडलो. भोपळ्याला. मराठीत. "ए, थांब!"

मी आधी काठानं पळालो. मूर्खपणा. काठानं वाट आहे, झाडं, सायकली, आईस्क्रीम खाणारी माणसं, आणि मी एका सायकलवाल्याला धडकून "सॉरी सॉरी" करत बोट दाखवतोय, "माझा भोपळा!" भोपळा आता मधल्या धारेला लागत होता आणि माझ्यापेक्षा जोरात चालला होता. पुढं दोन पूल. त्यांच्यापुढं आणखी दोन. मग बंदर, आणि बंदराच्या पुढं एका अंगाला जर्मनी आणि दुसऱ्या अंगाला फ्रान्स. मला पासपोर्ट आठवला! काय काय आठवतं बघा माणसाला.

चपला टाकल्या, मोबाईल चपलेत खुपसला आणि पँट-शर्टासकट उडी मारली.

ऱ्हाईन कृष्णेसारखी नाही. कृष्णा दम खाऊ देते. ऱ्हाईन गळपट धरून ओढत नेते. दोन हात मारले आणि बघतो तर पहिला पूल डोक्यावरनं गेला पण. माझ्या आजूबाजूला केशरी, निळे मासे मिठीत घेतलेली माणसं निवांत गप्पा मारत वाहत होती, आणि मी मधनं कुत्र्यासारखा हातपाय मारत ओरडत चाललोय.

पुढं होडी होती. ती पण एक गंमतच. तिला इंजिन नाही, शीड नाही, वल्हं नाही. नदीवरनं एक तार टाकलेली, तिला होडी दोरानं लटकवलेली, नावाडी नुसतं सुकाणू वळवतो आणि पाण्याचा जोर तिला पलीकडं ढकलतो. मी ओरडलो, "भोपळा! धरा! धरा!" नावाड्यानं बघितलं, बिचाऱ्यानं आकडीची लांब काठी काढली, वाकला, आणि बरोबर मारली. पण काठी अडकायच्या ऐवजी घसरली आणि भोपळ्याला असा ठोसा बसला की तो गरकन फिरून आणखी मध्याला गेला.

"माफ करा!" नावाडी ओरडला.

होडीतले सगळे प्रवासी उठून माझ्या बाजूला आले. कोणी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं आता रडू येणार.

"हेर सातपुते!"

ट्रामची घंटा. पाण्यात.

वळून बघतो तर ब्युर्गिनबाई. डोक्यावर पांढरी रबरी टोपी, मिठीत हिरवा मासा, पाण्यात अशा बसलेल्या जशा सोफ्यावर. रोज अकराला, मंगळवारी धुणं मशीनला लावून, पोहायला यायच्या, हे मला तेव्हा कुठं माहीत?

"मध्याला जाऊ नका! वेडे आहात का? जहाजं असतात तिथं!"

"माझा भोपळा!"

"दिसतोय मला तुमचा भोपळा! उजवीकडं व्हा!"

"तो डावीकडं आहे!"

"तो पुलाच्या खांबाला आपटून उजवीकडंच येणार! पन्नास वर्षं बघतेय मी ही नदी. उजवीकडं!"

मी ऐकलं नाही. मी आणखी चार हात डावीकडं मारले. तेवढ्यात दुसऱ्या पुलाच्या कमानीतनं एक जहाजाचं नाक दिसलं आणि असा भोंगा वाजला की कानठळ्या बसल्या. त्यानंतर मी एकदम आज्ञाधारक झालो.

दुसरा पूल म्हणजे गावातला जुना पूल, जाडजूड दगडी खांबांचा. भोपळा सरळ त्या खांबावर निघाला होता. मी दहा हातांवर. काही करता येत नव्हतं. नुसतं बघत होतो.

ठक्क.

पाण्याच्या एवढ्या गोंगाटात मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. आठ वर्षं मी तोच आवाज ओळखत आलो होतो. पार्सल हातातनं निसटलं की येणारा.

भोपळा खांबाला घासून फिरला आणि बाई म्हणाल्या होत्या तसाच, अगदी तसाच, उजव्या कमानीतनं बाहेर आला. पण आता तो ताठ तरंगत नव्हता. एका बाजूला कलला होता. बुडबुडे येत होते.

"बुडतोय!" मी ओरडलो.

"बघतेय!" बाईंनी आपला मासा सोडून दिला. कपडे, किल्ल्या, पर्स, सगळं असलेला मासा. दोन हात मोकळे केले आणि एकाहत्तर वर्षांची ती बाई अशी सुटली, अशी सुटली! भोपळ्याचा नुसता देठ वर राहिला होता तेव्हा तिनं त्याला काखेत मारलं.

पुढच्या पुलापाशी आम्ही पायऱ्यांना लागलो. एका पोरीनं हिरवा मासा पकडून आणून दिला. मी भोपळा मांडीवर घेतला, पाणी काढलं, बोटं फिरवली. देठाच्या खालनं बुडाकडं तडा. वीतभर. वरची साल दोन ठिकाणी उडालेली.

बाई टोपी काढून बाजूला बसल्या. धापा टाकत होत्या.

"दुसरा आहे?"

"नाही."

"इथं मिळतो?"

"नाही."

"कशासाठी पाहिजे होता?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. तंबोरा, चार वाजता, दोन दिवसांची नोकरी, सप्टेंबरचं तिकीट. जर्मन चुकत होतं, पण बाईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही. शेवटी त्या उठल्या.

"किती वाजले?"

"माहीत नाही. मोबाईल चपलेत आहे."

"बारा तरी वाजले असतील. उठा. तो आधी कोरडा करू. वाळवायची खोली आज माझी आहे."

वाटेत काठावर माझ्या चपला होत्या, त्यात मोबाईल तसाच. घरी येऊन बाईंनी तळघरातल्या वाळवणाच्या खोलीतनं स्वतःच्या ओल्या चादरी दोरीवरनं ओढून काढल्या, बादलीत कोंबल्या आणि माझा भोपळा त्यांच्या जागी टांगला. भिंतीवरचं गरम हवेचं यंत्र चालू केलं. मी म्हटलं, "तुमच्या चादरी?"

"मला चार वाजता कुठं जायचंय?"

*

पावणेचारला ऋजू मला संग्रहाच्या दारात भेटली. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तडकलेला भोपळा. अंगात ब्युर्गिनबाईंच्या नवऱ्याचा, म्हणजे वारलेल्या नवऱ्याचा, कडक इस्त्रीचा शर्ट. माझ्या एकुलत्या एका चांगल्या शर्टातनं ऱ्हाईन गेली होती.

"हे काय झालं?"

"फुटला."

"कसा फुटला?"

"नदीत."

"नदीत कसा काय..." ती थांबली. डोळे मिटले, उघडले. "बरं. आता काय सांगणार आत?"

"वाक्यच गेलं, ऋजू. नवा बसवतो म्हणायला नवा आहे कुठं?"

मला वाटलं आता तिकिटाचं काहीतरी निघणार. पण ती म्हणाली, "मग जे येतं ते सांग. पॅकिंगचं पण सांग. जाऊ दे. खरं खरं सांग आणि बाहेर ये. आईस्क्रीम खाऊ."

ऋजू पण माझ्याबरोबर आत आली. आत डॉक्टर आम्सलर होत्या. संग्रहाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लटकवलेला, आवाज इतका हळू की पुढं वाकावं लागायचं. टेबलावर पांढऱ्या कापडावर तंबोरा आडवा ठेवला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि क्षणभर सगळं विसरलो. शंभर वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत कोणीतरी हे घासलं होतं. भोपळ्याला तडा होता. देठाच्या खालनं बुडाकडं. वीतभर. माझ्याच्यासारखाच!

"मिस्टर सातपुते, आपण काय करणार?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, आठ दिवसांचं. हातात तडकलेला भोपळा होता. मी तोंड मिटलं.

आणि मग जे काय इंग्रजी येत होतं त्यात सांगून टाकलं. मी कारागीर नाही. मी पॅकिंगवाला. माझ्याकडं कुठलाही कागद नाही. मी नवीन करत नाही, मी फुटलेलं जोडतो. गावात मला लोक त्यावरनं चिडवतात. हा भोपळा आज सकाळी तुमच्या नदीत फुटला. तुम्ही म्हणत असाल तर हा इथं जोडून दाखवतो. मग तुम्ही ठरवा.

ऋजू भिंतीकडं बघत होती. आम्सलरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मी पिशवी उघडली. हमीदचाचांच्या दुकानातला सरस, खडे खडे, तपकिरी. इलेक्ट्रिक शेगडीवर पाण्यात वाटी ठेवून कढवला. खोलीभर तो वास सुटला, मिरजेचा वास, चामड्याचा, कुबट. बाईंनी नाक मुरडलं नाही. देठाकडचा भाग करवतीनं उतरवला, आत हात घातला, तड्याच्या कडा साफ केल्या. त्याच भोपळ्याची पूड सरसात कालवून भरली. सुती कापडाच्या पट्ट्या आतनं एकावर एक बसवल्या. मग सायकलची ट्यूब काढली, लांब पट्ट्या कापलेली, आणि भोपळ्याला गुंडाळून गुंडाळून आवळलं. हात आपोआप चालत होते. मला मजा यायला लागली होती! मी विसरलोच की परीक्षा आहे. मधे मी ऋजूला "जरा धर गं" म्हटलं आणि तिनं पीएचडीवाल्या हातांनी ट्यूब धरली.

आम्सलरबाईंनी सगळ्या वेळात एकच प्रश्न विचारला.

"पन्नास वर्षांनी कोणाला तुमचा जोड काढायचा असेल तर?"

हा प्रश्न मला एकानंच आधी विचारला होता. मी पहिल्यांदा एक सतार बाजारातल्या पक्क्या डिंकानं चिकटवली तेव्हा हमीदचाचांनी माझ्या डोक्यात टपली मारली होती. "गाढवा, पुढच्यानं हे सोडवायचं कसं?"

"गरम पाण्याची वाफ द्यायची," मी म्हटलं. "सगळं सुटतं. भोपळा होता तसा राहतो."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "उद्या दहाला या."

दुसऱ्या दिवशी दहाला मी ट्यूब सोडली. आम्सलरबाईंनी भोपळा उचलला, आणि मला वाटलं नव्हतं त्यांना हे माहीत असेल, बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं. देठापाशी, बुडापाशी, तड्याच्या अलीकडं, पलीकडं. सगळीकडं एकच आवाज आला. गोल, भरलेला.

त्या हसल्या. पहिल्यांदा.

*

नोकरी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिकीट रद्द केलं, अर्धे पैसे बुडाले, ऋजू म्हणाली, "बुडू देत." तो तंबोरा मी जोडायला घेतला.

पहिल्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो, आम्सलरबाई आणि मी, संग्रहाच्या मागच्या गच्चीवर. खाली ऱ्हाईन. मी सहज विचारलं, की नोटीस लागल्यावर दुसरं कोणी आलंच नव्हतं का?

"तिघं आले होते," त्या म्हणाल्या. "तिघंही उत्तम कारागीर. एक तर लंडनहून. तुमच्यापेक्षा किती तरी शिकलेले."

"मग?"

"तिघांनी आत आल्या आल्या एकच गोष्ट सांगितली. जुना भोपळा काढून नवा बसवू." त्यांनी पावाचा तुकडा मोडला. "त्यानंतर मी पुढचं काही ऐकलं नाही. संग्रहात आम्ही काही बदलत नाही, मिस्टर सातपुते. जे आहे ते सांभाळतो. शंभर वर्षं जुना भोपळा फेकून देणाऱ्याला मी त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू दिलं नसतं."

मी हातातला पाव खाली ठेवला.

आय विल रिमूव्ह द ओल्ड गोर्ड. आठ दिवस. आंघोळीत, भाजी चिरताना. माझ्या जिभेवर होतं ते.

संध्याकाळी मी घरी पोचलो ते थेट ब्युर्गिनबाईंच्या दारात. जिना धावत चढलो होतो. सांगितलं त्यांना, भराभरा, निम्मं मराठीत गेलं असेल. की तुम्ही त्या दिवशी हौदातनं भोपळा काढला नसता, तर मी तो अख्खा घेऊन गेलो असतो, आणि अख्खा घेऊन गेलो असतो तर पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मंगळवार माझा होता म्हणून," त्या म्हणाल्या.

"हो."

"नियम असतात ते उगाच नाही," असं म्हणून त्यांनी दार लावलं. मी हसत जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो तर तक्त्यात बदल दिसला. मंगळवारच्या चौकटीत त्यांच्या नावाखाली पेन्सिलनं एक रेघ मारलेली. सकाळी सात ते अकरा, आणि पुढं बारीक अक्षरात एकच शब्द. क्युर्बिस. म्हणजे भोपळा. स्वतःच्या मंगळवारातले चार तास त्यांनी माझ्या भोपळ्यांना दिले होते. पुढं हमीदचाचांकडनं चार भोपळे मागवले मी. नवे तंबोरे करायला, संग्रहासाठी नाही, माझ्यासाठी. सगळे त्याच हौदात भिजले, मंगळवारी, सात ते अकरा.

ह्या सगळ्याला आता सहा वर्षं झाली. ऋजू डॉक्टर झाली. बाई गेल्या वर्षी झ्युरिकला लेकीकडं राहायला गेल्या, जाताना हिरवा मासा मला देऊन गेल्या. बिल्डिंगच्या ऑफिसनं नवा तक्ता छापून लावला. जुन्यावर जे जे लिहिलेलं होतं ते सगळं व्यवस्थित टाईप करून.

परवा बाईंच्या जागी आलेला नवा भाडेकरू मला धुण्याच्या खोलीत भेटला. हातात कपड्यांची बादली, चेहरा वैतागलेला. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "माझ्या मंगळवारात हे एक हेर क्युर्बिस घुसलेत. तुम्हाला माहितेत का, कितव्या मजल्यावर राहतात?"

"तिसऱ्या," मी म्हटलं. "बोला. मीच."